मदत हवी आहे : सेवा क्लबच्या नियमावलीतला ‘पुरुष’ शब्द कसा काढायचा?

नौपाड्यातल्या एका सेवा क्लबच्या रक्तदान शिबिरांत आम्ही ११ जणी ६ वर्षं राबतोय. फॉर्म भरून घेण्यापासून रक्तदात्याच्या हातात चहा-बिस्किट देईपर्यंत. तरी आम्ही नुसती ‘महिला शाखा’, मताचा हक्क नाही. नियमावलीत ‘१८ वर्षांवरील पुरुष’ असंच छापलंय. लायन्सने १९८७ मध्ये, रोटरीने १९८९ मध्ये ही अट काढली! आमचा क्लब स्वतंत्र आहे, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेला. दोनदा लेखी अर्ज दिला. अध्यक्ष अनुकूल आहेत, पण सचिव म्हणतात, धर्मादाय कार्यालयात अडकेल. वेगळं महिला मंडळ काढायचं नाही. नियमावलीत दुरुस्तीची पद्धतच दिलेली नाही. मग वार्षिक सभेचा ठराव पुरेल की विशेष सभा लागेल? आणि त्यानंतर धर्मादाय कार्यालयात नेमकं काय दाखल करायचं?