वडिलांचं पोट आणि चक्कर: पित्त की साखर?

हळदवाला, सांगली
वडील ६४ वर्षांचे. मार्केट यार्डात हळदीची अडत. साखर बरीच जुनी, रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन. हल्ली अर्ध्या भाकरीतच पोट गच्च होतं. परवा सकाळी उलटी झाली, त्यात रात्रीच्या गवारीचे तुकडे जसेच्या तसे. सौद्यात बसून उठले की डोळ्यांपुढं अंधारी. एंडोस्कोपीत काही निघालं नाही. दोन्हीचा संबंध असेल का?

कृष्णाकाठ
पित्त हो. कोकम सरबत द्या.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)
कोकम राहू दे बाजूला. रात्रीचं अन्न सकाळी तसंच पडतंय म्हणजे जठर पुढं ढकलतच नाही. हे काम करवून घेते व्हेगस नस, मेंदूतून निघून पोटापर्यंत येणारी. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ती खराब होते. उठल्यावर पायांतल्या रक्तवाहिन्या आवळून बीपी धरायचं काम सिंपथेटिक नसांचं, त्याही साखरेनंच जातात. म्हणून संबंध आहे. डॉक्टर याला ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी म्हणतात, पोटाच्या भागाला गॅस्ट्रोपॅरेसिस.

घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं झोपवून मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी. धरायला माणूस हवा.

खाण्यात गवार, मेथी, सालीची उसळ, तळण सध्या बंद. (एरवी शुगरवाल्यांना आम्हीच चोथा खा म्हणून मागं लागतो!) मऊ भात, मुगाचं पातळ वरण, थोडं थोडं पाच वेळा. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही.

हळदवाला, सांगली
झोपून वरचं १४२, उभं राहिल्यावर ११६.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)
उठल्यावर बीपी पडतं म्हणायला वरच्या आकड्यात २० ची घट पुरते, तुमची २६ आहे. आकडे कागदावर लिहून याच आठवड्यात दाखवा. इन्सुलिनची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या, मनानं बदलू नका. अन्न पोटात अडकलेलं आणि इन्सुलिन कामाला लागलेलं, अशात साखर धाडकन उतरते, आणि या नसा गेल्या की घाम, थरथर काही कळत नाही. रात्री झोपताना ग्लुकोमीटर लावा. वजनाचं किंवा साखरेचं आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्यानंही पोट मंदावतं. आणि ईसीजी काढाच. अशा पेशंटला हार्टचा झटका छातीत न दुखताही येतो.