मदत हवी आहे: जादा मीटरचे एलईडी जुन्या डिमरवर कसे चालवावेत?
नमस्कार मंडळी. जुन्या गाडीत ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरचे जादा मीटर बसवतोय. सेन्सरचं काम झालं, अडलंय ते दिव्यांपाशी. मीटरमध्ये १२ व्होल्टचे एलईडी आहेत. पार्किंग लाइटच्या वायरवर घेतले की रात्री डोळ्यांवर येतात. डॅशबोर्डच्या डिमरनंतरच्या वायरवर जोडले, तर मूळ बल्ब हळूहळू मंद होत जातात, पण व्होल्टेज जरा उतरलं की एलईडी पार विझतात. डिमर जुना रिओस्टॅट (रेझिस्टन्स कमी-जास्त करून व्होल्टेज उतरवणारा) आहे आणि पॉझिटिव्ह बाजूलाच आहे, मल्टिमीटर लावून खात्री केली.

एलईडींसाठी वेगळा पीडब्ल्यूएम डिमर (व्होल्टेज न उतरवता वीज झपाट्याने चालू-बंद करून प्रकाश कमी करणारा) टाकावा, की मीटरमध्ये साधे फिलामेंटचे बल्बच बसवावेत? मूळ वायरिंग कापायची अजिबात इच्छा नाही. वेगळी लाइन ओढली तर फ्यूज किती अँपिअरचा ठेवावा? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.