मदत हवी आहे: मळ्यातली आजोबांची समाधी हलवायची आहे, परवानगी कोणाची लागते?

नमस्कार मंडळी, आम्ही गोसावी, आमच्यात अग्नी देत नाहीत, समाधी देतात. आजोबा गेले तेव्हा त्यांना दिंडोरी रोडच्या मळ्यातच विहिरीजवळ बसवलं, मांडी घालून, भोवती मीठ भरून, वर दगडी ओटा आणि पिंड. आता वडील आणि काका मळा विकतायत आणि घेणारा म्हणतो समाधी काढून द्या मगच इसार. एजंट तर सरळ म्हणाला जेसीबी लावा, रात्रीतून काम होतं, कोण बघतंय! आईने ते ऐकलं आणि दिवसभर जेवली नाही. आम्हाला अस्थी नीट काढून समाजाच्या दफनभूमीत न्यायच्यात. नेटवर फौजदारी प्रक्रिया संहितेचं (CrPC) कलम 176 सापडलं, प्रेत उकरण्याबद्दलचं, ते आम्हाला लागू होतं का? आणि एक चुलत भाऊ विक्रीलाच आडवा आहे, तो काही करू शकतो का?

प्रतिसाद १
176 आता जुनं झालं भाऊ. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 196. पण ते संशयास्पद मृत्यूसाठी, म्हणजे पोस्टमॉर्टेम न करताच पुरलं, नंतर विषाचा संशय आला, तर दंडाधिकारी प्रेत उकरून तपासायचा आदेश देतात, मग डॉक्टर, पंच सगळ्यांसमोर उकरतात आणि आजूबाजूच्या मातीचे नमुनेसुद्धा घेतात. तुमच्याकडे तसं काही नाही. घरच्यांनी स्वतःहून हलवायचं म्हटलं तर त्यासाठी देशात वेगळा कायदाच नाही, खरी गोची तिथेय. 2022 मध्ये काश्मीरच्या हैदरपोरा चकमक प्रकरणात बापाने चकमकीत मारल्या गेलेल्या मुलाचं प्रेत उकरून ताब्यात मागितलं, सुप्रीम कोर्टाने नाही म्हटलं, एकदा पुरलं की सबळ कारणाशिवाय हात लावायचा नाही असा सूर होता, आणि केंद्राला यावर कायदा करायचा विचार करा असंही सुचवलं.

प्रतिसाद २
चोरून अजिबात करू नका. तहसीलदार किंवा प्रांताकडे लेखी अर्ज द्या, कॉपी पोलीस स्टेशनला आणि ग्रामपंचायतीला. सोबत मृत्यूचा दाखला, सातबारा, सगळ्या वारसांचं संमतीपत्र, जिथे नेणार तिथल्या ट्रस्टचं पत्र. काढताना पंचनामा आणि व्हिडिओ. चुलत भावाचं म्हणाल तर तो तक्रार करू शकतो: भारतीय न्याय संहितेचं कलम 301, म्हणजे दंड संहितेचं (IPC) जुनं 297, दफनाच्या जागेची विटंबना, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. भावना दुखवायचा हेतू किंवा त्या दुखावतील याची जाणीव सिद्ध व्हावी लागते हे खरं, पण तक्रार झाली की हेलपाटे तुमच्याच नशिबी. त्याची सही आधी घ्या, नाहीच दिली तर वकील गाठून कोर्टाकडूनच आदेश घ्या.

प्रतिसाद ३
मुळात हलवायलाच का हवी? ओटा आणि तिथपर्यंत जायची वाट खरेदीखतात राखून ठेवा, भाव थोडा पाडा. अशा समाध्या बांधावर कितीतरी दिसतात आपल्याकडे.

धागाकर्ता
खूप आभार. वाट राखायचं काकांना पटलंय, घेणाऱ्याशी रविवारी बोलतो. तो नाहीच म्हणाला तर इतक्या वर्षांनी काही हाती लागेल का? विहिरीमुळे तिथे कायम ओल असते.

प्रतिसाद २
कवटी, मांडीची हाडं बऱ्याचदा मिळतात. बोटांची बारीक हाडं मातीत जातात, म्हणून खुरप्याने हळूहळू काढा आणि माती चाळा. जेसीबीवाल्याला गेटच्या आत घेऊ नका.