शहीद स्मारकापुढे मोबाइलवरून 'लास्ट पोस्ट' लावायची का?

धागाकर्ता (मेहकर तालुका): ग्रामसभेत ठरलंय की 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की आमच्या गावच्या शहीद जवानाच्या स्मारकापुढे लाउडस्पीकरवर 'लास्ट पोस्ट' लावायची. माझा विरोध स्मारकाला नाही, पद्धतीला आहे. ही मुळात ब्रिटिश छावणीतली बिगुलाची धून. रात्रीची फेरी शेवटच्या चौकीपर्यंत आली, दिवस संपला, एवढाच तिचा निरोप. पुढे ती सैनिकाच्या अंत्यविधीला वाजू लागली. तिच्यामागून स्तब्धता असते, आणि मग 'राउज', जागं होण्याचा इशारा. आमच्याकडे धून अर्ध्यावर असतानाच 'अमर रहे' सुरू होतं आणि राउज तर कुणी लावतच नाही. ही कसली मानवंदना?

वऱ्हाडी कास्तकार: काहून एवढे नियम, भाऊ? पोराची माय तिथं उभी राह्यते. गाव एका आवाजात त्याचं नाव घेते, तं तिलेच धीर येते. बिगुलवाला खेड्यात आणाचा कुठून? मोबाइल हाय तं मोबाइल.

अकोलेकर: मुळात इंग्रजांची धून हवीच कशाला? प्रजासत्ताक दिनानंतरच्या बीटिंग रिट्रीट या लष्करी सोहळ्यातून 2022 साली 'अबाइड विथ मी' ही इंग्रजी प्रार्थनेची धून काढली. आपली तुतारी काय कमी आहे?

निवृत्त हवालदार, वाशीम: तुतारीचा मान मोठाच आहे, पण जवान ज्या इशाऱ्यांवर उठला-झोपला, त्याच इशाऱ्यावर त्याला निरोप देतात. बेल्जियममधल्या मेनिन गेट या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकापाशी दुसऱ्या महायुद्धाचा काळ सोडला तर 1928 पासून रोज रात्री 8 वाजता हीच धून वाजते, आणि त्या भिंतींवर भारतीय जवानांचीही नावं आहेत. मी पलटणीत बिगुल वाजवलाय. त्याला बटणं नसतात, सूर ओठांवर आणि दमावर काढायचे. समोर 'शोक शस्त्र'मध्ये जवान मान खाली घालून उभे, बंदुकीचं तोंड बुटावर. शेवटचा लांब सूर थरथरू द्यायचा नाही, हीच खरी परीक्षा. रेकॉर्डिंगमध्ये ते कुठलं? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी अर्ज द्या, पोलीस मुख्यालयातही विचारा. बिगुलवादक मिळू शकतो.

धागाकर्ता: अर्ज उद्याच देतो. वादक नाहीच मिळाला तर मोबाइलही चालेल, पण राउज संपेपर्यंत घोषणा नकोत. त्यानंतर सगळं गाव दणाणू द्या.

वऱ्हाडी कास्तकार: अन् तेवढा वेळ त्याच्या दोस्तायले चूप कोन बसवीन? म्या तं नाही बसवनार.