आयटीआय झालेली मुले मशीन शॉपमध्ये वर्षभरही टिकत नाहीत; भरती आणि पहिले वर्ष यांची आखणी कशी करावी?

प्रश्न : मशीनशॉप_कोल्हापूर

नमस्कार. गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप आहे. आसपासच्या फाउंड्र्यांतून (ओतकामाच्या कारखान्यांतून) येणाऱ्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, मुख्यतः पंपाच्या बॉडी आणि ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटचे, सीएनसी व व्हीएमसी या संगणकनियंत्रित मशीनवर मशीनिंग करून आम्ही माल पुढे देतो. कामगार पस्तीसच्या आसपास आहेत. चाळिशी ओलांडलेले जुने लोक वर्षानुवर्षे टिकून आहेत. प्रश्न आहे तो वीस-बावीस वर्षांच्या मुलांचा. टर्नर किंवा मशिनिस्टचा कोर्स पूर्ण केलेली मुले आयटीआयच्या निकालानंतर रुजू होतात, दिवाळीचा बोनस हातात पडेपर्यंत राहतात आणि त्यानंतर कोणी चाकणला, कोणी पोलीस भरतीच्या तयारीला, तर कोणी डिलिव्हरीच्या कामाला निघून जाते. मध्यंतरी पगार वाढवून पाहिला. त्याने जाण्याचा मुहूर्त थोडा पुढे गेला, इतकेच.

या मुलांची भरती कुठून आणि केव्हा करावी, आणि पहिल्या वर्षात त्यांना पगाराखेरीज नेमके काय द्यावे, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काही करून पाहिले आहे त्यांचे मत हवे आहे. 'नव्या पिढीला कष्ट नकोत' हे उत्तर कृपया देऊ नये. ते मी स्वतःच पुष्कळदा देऊन पाहिले आहे आणि त्याने मशीन चालत नाही.

उत्तर १ : शॉपफ्लोअर_भोसरी

आपल्या प्रश्नात एक माहिती आलेली नाही, आणि माझ्या मते सगळे तिच्यावर अवलंबून आहे : रुजू झालेला मुलगा पहिले सहा महिने करतो काय? बहुतेक शॉपमध्ये उत्तर ठरलेले असते. जॉब (मशीनिंगचा भाग) फिक्स्चरमध्ये, म्हणजे पकडीत, बसवायचा, क्लॅम्प आवळायचा, सायकल स्टार्टचे बटण दाबायचे, जॉब काढून बर (कडेला उरलेली धातूची धार) मारायची आणि पुढचा लावायचा. ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा कामगार, टाकतो, इन्सर्ट (हत्याराचे कापणारे पाते) सेटर बदलतो, पहिला पीस इन्स्पेक्शनला सेटरच घेऊन जातो. मी ज्या कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळत होतो तिथे पॅनेलवरच्या प्रोग्रॅम प्रोटेक्टची (प्रोग्रॅममधील बदल रोखणाऱ्या कुलपाची) किल्ली सुपरवायझरच्या खिशात असे आणि तो जेवायला गेला की किल्लीही जेवायला जात असे. दोन वर्षे आयटीआयमध्ये टर्निंग शिकून आलेल्या मुलाला आपण येथे हमालीच करत आहोत हे कळायला फार दिवस लागत नाहीत. मग तेवढ्याच पैशात मोटारसायकलवर फिरण्याचे काम त्याला बरे वाटले, तर त्यात त्याचे काय चुकले?

आम्ही पुढे केलेला बदल खर्चाचा नव्हता, पण त्याला जुन्या सेटरांचा विरोध मात्र भरपूर झाला. प्रत्येक नव्या मुलाला एक वस्ताद नेमून दिला, तोही कागदावर, नावानिशी. मुलाने काय शिकायचे याचे टप्पे मशीनशेजारच्या फळ्यावर लावले : आधी व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि बोअर गेजवर स्वतः माप घेणे, मग इन्सर्ट बदलून वेअर ऑफसेट (झिजेनुसार मापाची दुरुस्ती) देणे, मग दुसऱ्या जॉबचे संपूर्ण सेटिंग, आणि शेवटी प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती. टप्पा पार झाला की पगारात ठरलेली वाढ त्याच महिन्यापासून द्यायची. वार्षिक वाढीची वाट पाहायला लावायची नाही. मुलगा तयार झाला की वस्तादालाही त्याबद्दल वेगळी रक्कम मिळत असे. ही रक्कम सुरू होईपर्यंत एकही जुना सेटर मनापासून शिकवत नव्हता, कारण शिकवलेला मुलगा उद्या आपल्याच जागेवर बसेल ही त्याची भीती अगदीच खोटी नसते. सुरुवातीला इन्सर्ट जास्त मोडले आणि काही जॉब रिजेक्ट झाले, ते शिकवणीच्या खात्यावर टाकले.

भरतीबद्दल एवढेच म्हणेन की निकालानंतर फलक लावून मुले शोधण्यात उशीर झालेला असतो. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांच्या निदेशकांना (शिक्षकांना) भेटावे, मुलांना आपल्या शॉपमध्ये बोलवावे आणि काम दाखवावे. ज्या निदेशकाने आपले शॉप स्वतः पाहिले आहे तो चांगली मुले आपल्याकडे पाठवतो.

उत्तर २ : राधानगरीचा_टर्नर

साहेब, मी स्वतः आपल्याच वसाहतीतील एका शॉपमधून बाहेर पडलेला ऑपरेटर आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. शिकायला मिळावे हे वरच्या उत्तरातील म्हणणे बरोबर आहे, परंतु मी नोकरी सोडली ती सेकंड शिफ्टमुळे. शिफ्ट रात्री बारा वाजता सुटते, त्या वेळी गावाकडे जायला एसटी नसते, आणि पावसाळ्यात राधानगरीच्या रस्त्याने मोटारसायकलवरून इतक्या रात्री जाणे घरच्यांना मान्य नव्हते. खोली घेतली असती तर पगारातला मोठा हिस्सा भाड्यात आणि खानावळीत गेला असता. शिफ्टचे वेळापत्रक महिन्याभराचे आधी कळले असते, तरी दोघे-तिघे मिळून काही सोय करता आली असती. ते आदल्या संध्याकाळी फोनवर कळत असे.

दुसरे असे की मला नेमणूकपत्र मिळाले नव्हते आणि पगाराची पावतीही मिळत नव्हती. हप्त्यावर गाडी घ्यायची म्हटली की फायनान्सवाला पावती मागतो. लग्नाच्या स्थळाकडची मंडळी पहिला प्रश्न 'पर्मनंट आहे का' हाच विचारतात, आणि दाखवायला हातात कागद नसेल तर मुलगा ऑफसेट किती अचूक देतो याची चौकशी कोणी करत नाही. पोलीस भरतीला जाणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण वर्दीच्या ओढीपेक्षा त्या प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून पहाटे मैदानावर धावत असतात.

उत्तर ३ : कामगार_सल्लागार

कायद्याच्या आणि योजनांच्या बाजूने काही गोष्टी मांडतो. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ आणि २०१९ मध्ये सुधारलेले नियम यांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे आपल्या शॉपला हे लागू होते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. या उमेदवारांना भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही. त्यामुळे उमेदवारी संपल्यावर त्यांना कायम केले तर ते निधीच्या दृष्टीने पहिल्यांदाच नोकरीला लागलेले ठरतात, आणि येथे दुसरी योजना उपयोगी पडते.

१ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. तिच्यात अशा नव्या कामगाराला एका महिन्याच्या वेतनाइतकी, कमाल १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या आणि दुसरा बारा महिन्यांच्या सेवेनंतर. आपली मुले दिवाळीनंतर सोडून जातात, तर हे हप्ते त्यापुढे टिकणाऱ्यालाच मिळतात, हे त्यांना रुजू होतानाच समजावून सांगावे. मालकालाही प्रत्येक वाढीव कामगारामागे दरमहा ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळते, आणि ते उत्पादन क्षेत्रात दोनऐवजी चार वर्षे चालते. मात्र ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी किमान दोन माणसे खरोखर वाढवावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात. एक सोडून गेला म्हणून दुसरा घेतला, तर ती वाढ धरली जात नाही.

शिकाऊ उमेदवार म्हणून घेऊन त्याला वर्षभर बर मारायलाच बसवणारे मालक मी पाहिले आहेत. अशा ठिकाणची माहिती आयटीआयमध्ये पुढच्या तुकडीला आधीच पोहोचलेली असते.

मशीनशॉप_कोल्हापूर

सर्वांचे आभार. शिफ्टचे वेळापत्रक आणि नेमणूकपत्र या दोन गोष्टी लगेच करता येतील. टप्प्यांच्या पद्धतीबद्दल मात्र शंका आहे : सेटिंग येणारा मुलगा चाकणला दीडपट पगारावर सहज उचलला जातो. मग शिकवण्याचा खर्च आमचा आणि फायदा त्यांचा, असे होणार नाही का?

उत्तर ४ : शॉपफ्लोअर_भोसरी

काही मुले जातील, आमचीही गेली. परंतु सेटिंग येणारा मुलगा दोन-अडीच वर्षे राहून गेला, तर त्या काळातल्या प्रत्येक सेटिंगचा वेळ आपल्या पदरात पडलेला असतो; दिवाळीनंतर जाणारा मुलगा मात्र पूर्ण तोट्याचाच असतो. शिवाय चाकणच्या मोठ्या कंपन्यांत नव्या मुलाला पुष्कळदा ठेकेदारामार्फत किंवा ठराविक मुदतीवर घेतात. आपण नेमणूकपत्र, भविष्य निर्वाह निधी आणि घरापासून तासाभराच्या आतली नोकरी देत असाल, तर दीडपट पगारातून खोलीचे भाडे आणि खानावळ वजा करून मुलाबरोबर एकदा हिशेब मांडावा. तो वस्तादासमोर मांडावा आणि मुलगा राजीनामा घेऊन येण्याची वाट न पाहता दुसरा टप्पा पार होतानाच मांडावा.