'कोल्ड स्टार्ट'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एक शब्द अडलाय. ब्राझीलमधल्या इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल मराठीत लिहितेय आणि त्यात 'कोल्ड स्टार्ट' पानोपानी येतंय. 'शीत प्रारंभ' कोणी बोलत नाही. 'गारठलेलं इंजिन' चालेल का?

— ताई, गारठलेलं नको. गारठा हवेत असतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी 25 डिग्रीला चालू केली तरी तो कोल्ड स्टार्टच, थंडी पडायलाच हवी असं नाही. आपल्याकडे नेमका शब्द आहे, निवणे. चहा निवतो, भात निवतो, म्हणजे आधी तापलेलं होतं आणि आता भोवतालच्या हवेइतकं झालं. 'निवलेलं इंजिन' लिहा.

— वा, निवणे! आजी रोज म्हणायची आणि मला सुचलाच नाही. पण मग इथेनॉललाच एवढा त्रास का होतो?

— तळहातावर सॅनिटायझर घेतलं की हात गार पडतो ना, तेच. इथेनॉल उडताना उष्णता ओढतं, पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. शिवाय पेट्रोलमध्ये हलके घटक असतात ते गार हवेतही उडतात, इथेनॉल एकटंच, उकळणार 78 अंशाला, मग निवलेल्या इंजिनात वाफ पुरत नाही आणि जास्तीचं इंधन ओतावं लागतं, ते अर्धवट जळतं. म्हणून तिकडे बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी असायची, तिला तांकीन्यो म्हणतात, सुरू करण्यापुरतं पेट्रोल त्यातून. 2009 मध्ये फोक्सवॅगनच्या पोलो ई-फ्लेक्समध्ये ती टाकी गेली, बॉशच्या सिस्टिममध्ये इथेनॉल इंजेक्टरपाशीच, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागापाशीच, तापवतात, म्हणजे जादा ओतायची गरजच कमी.

— एक माझंही. 'एमिशन'ला धूर लिहू नका प्लीज, उत्सर्जनच ठेवा. इथेनॉलच्या गाडीचा धूर डोळ्याला दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं सगळं स्वच्छ आहे, पण सुरुवातीला न जळलेलं इथेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचं घातक रसायन सायलेन्सरमधून बाहेर पडत असतं, कारण उत्सर्जन स्वच्छ करणारा कन्व्हर्टर 250-300 अंशापर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. आणि कन्व्हर्टर तेवढा तापून काम सुरू करतो त्या 'लाइट-ऑफ'ला पेटणे नको, तिथे काही पेटत नाही. 'कन्व्हर्टर कामाला लागला' म्हणा.

— पटलं. मग वाक्य असं करते: 'निवलेलं इंजिन सुरू केल्यापासून कन्व्हर्टर कामाला लागेपर्यंतचं उत्सर्जन.' मथळ्यात मात्र कोल्ड स्टार्टच ठेवते, गॅरेजवाल्यांनाही वाचायचंय.