व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) शटडाऊनच होत नाही (केव्हीएम, म्हणजे लिनक्सवर व्हीएम चालवायची सोय)

प्रश्न: दारव्हा तालुक्यातलं जिनिंग. वजनकाट्याचं विंडोज व्हीएममध्ये आहे. ‘व्हर्श शटडाऊन’ (व्हीएम बंद करायची कमांड) दिलं तर ऑर्डर गेली म्हणते, पण व्हीएम चालूच. लाईन गेली की यूपीएस १५ मिनिटंच टिकते. काय करावं?

उत्तर १: भाऊ, ती कमांड फक्त एसीपीआयचं, म्हणजे व्हीएमचं नकली पॉवर बटण दाबते, बंद करायचं विंडोजच ठरवते. पॉवर ऑप्शन्समध्ये त्या बटणाला ‘शट डाऊन’ लावा. ‘डू नथिंग’ असेल तर काहीच होणार नाही. भरवशाचा उपाय म्हणजे व्हर्टआयओ आयएसओमधला (विंडोज व्हीएमसाठीच्या ड्रायव्हरांची डिस्क फाइल) गेस्ट एजंट, म्हणजे बाहेरची ऑर्डर विंडोजच्या आतून पाळणारा छोटा प्रोग्राम टाका, व्हीएमला त्याच्याशी बोलायचा चॅनल जोडा, मग ‘मोड एजंट’ लावून शटडाऊन द्या.

उत्तर २: तरी बंद झालं नाही तर ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ ही जबरदस्तीनं बंद करायची कमांड आहे. नावाला घाबरू नका, डिस्क पुसली जात नाही. पण ते वायर उपटल्यासारखंच आहे. काट्याचा डेटाबेस लिहीत असेल तर बिघडू शकतो. म्हणून शेवटीच वापरा.

उत्तर ३: डिस्ट्रॉयही अडकलं तर ‘पीएस’मध्ये (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) क्यूईएमयूची, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या प्रोसेसची स्थिती बघा. ‘डी’ असेल तर ‘किल उणे ९’ (प्रोसेस जबरदस्तीनं मारायची कमांड) चालत नाही, प्रोसेस डिस्कची वाट पाहत असते. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवर डिस्क असेल तर आधी त्या नेटवर्क स्विचची वीज तपासा, बहुतेकदा तोच यूपीएसबाहेर असतो.

उत्तर १: सर्व्हर बंद होताना व्हीएम बंद करणाऱ्या लिबव्हर्ट-गेस्ट्स सेवेचा टाइमआऊट साधारण ३०० सेकंद असतो. तुमच्या १५ मिनिटांत बसते, फक्त यूपीएसचा इशारा लवकर लावा.